ओफ्रेंदा कशी मांडावी : तयारी, मांडणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत दिवंगत माणसांसाठी घरोघरी जी वेदी मांडतात, तिला ओफ्रेंदा म्हणतात. आपल्याकडे स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी, शाळांमधील सांस्कृतिक कार्यक्रमांचे संयोजक आणि मेक्सिकोत नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे ती मोठ्या मनापासून मांडतात, परंतु माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक मांडण्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. साखरेच्या कवट्या भरपूर असतात, पण पाण्याचा पेला नसतो. कागदी पताका थेट मेणबत्तीच्या ज्योतीवर लोंबत असतात. झेंडूच्या राशी असतात, पण त्या ज्याच्यासाठी आहेत तो माणूस कोण, हे मांडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

या सगळ्या चुकांचे मूळ एकच आहे. ओफ्रेंदा ही सजावट समजून केली जाते. प्रत्यक्षात ती पाहुण्याची सोय आहे. वर्षातून एकदा फार लांबून येणाऱ्या आपल्या माणसाला घर सापडावे, त्याला हात-तोंड धुता यावे, पाणी मिळावे, घटकाभर टेकता यावे आणि आवडीचे जेवता यावे, यासाठी ती असते. कोणती वस्तू कुठे ठेवावी असा प्रश्न पडला की या पाहुण्याचा विचार करावा. उत्तर आपोआप मिळते. मी पुएब्ला शहरात राहत असताना शेजारच्या आजींनी मला हे काम हाताला धरून शिकवले, आणि पुढील क्रम मुख्यतः मध्य मेक्सिकोतील घरगुती पद्धतीचा आहे. युकातानमधील ‘हानाल पिशान’ या माया लोकांच्या स्मरणप्रथेचे भरतकाम केलेल्या कापडाचे टेबल आणि वाकेचुला गावातील पांढऱ्या सॅटिनच्या छताला भिडणाऱ्या वेद्या या स्वतंत्र प्रादेशिक रीती आहेत. एका वेळी एकच रीत पाळावी. चार प्रांतांची चार वैशिष्ट्ये उचलून एकत्र केली, तर ती ओफ्रेंदा कुठल्याच गावची राहत नाही.

टप्पा १ : कोणासाठी, ते आधी ठरवा

बाजारात जाण्यापूर्वी कागद घेऊन बसा आणि ज्यांच्यासाठी ओफ्रेंदा मांडायची त्यांची नावे लिहा. प्रत्येक नावापुढे त्यांना आवडणारा एक खाण्याचा पदार्थ, एक पेय आणि त्यांच्या रोजच्या वापरातील एक वस्तू लिहा. ‘गोड आवडायचे’ एवढी नोंद पुरेशी नाही. कोणते गोड, ते कोण करत असे, ते गरम खात की गार, हे आठवेपर्यंत पेन खाली ठेवू नका. या यादीसाठी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे लागते, आणि त्या बोलण्याला एक संध्याकाळ सहज लागते. ही संध्याकाळ वाचवू नये. पुढचे सारे सामान या कागदावरून ठरते.

लहान मुलांची नावे वेगळी लिहा. त्यांचा दिवस वेगळा असतो आणि त्यांच्यासाठीच्या मांडणीत तिखट पदार्थ व मद्य चालत नाही. पांढरी फुले, दूध, मक्याच्या पिठाचे आतोले नावाचे गरम पेय, लहान आकाराचे ब्रेड, मिठाई आणि खेळणी असतात. भांडीही लहान वापरतात.

त्याच वर्षी गेलेल्या व्यक्तीबाबत घरातील ज्येष्ठांना विचारून निर्णय घ्या. वाकेचुलामध्ये वर्षभरात गेलेल्यांसाठीच ती भव्य पांढरी वेदी उभारतात. उलट, नुकत्याच गेलेल्या माणसाला अजून परत येण्याची मुभा मिळालेली नसते, असे मानणारी कुटुंबेही आहेत. यात एकच बरोबर उत्तर नाही.

शाळेत किंवा संस्थेत ओफ्रेंदा मांडायची असेल, तर ‘सर्व दिवंगतांसाठी’ असे मोघम न ठेवता एक माणूस निवडा. महाराष्ट्रात मांडणाऱ्यांनी पांडुरंग खानखोजे यांचा विचार जरूर करावा. विदर्भात जन्मलेले हे क्रांतिकारक मेक्सिकोत गेले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले आहे. त्यांच्या वेदीवर मक्याची कणसे आणि भाकरी शेजारी शेजारी ठेवली, तर ती ओढूनताणून केलेली जोडणी ठरत नाही. ते त्यांचेच आयुष्य आहे.

तपासणी : प्रत्येक नावापुढे एक पदार्थ, एक पेय आणि एक वस्तू लिहिलेली आहे का? नसेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २ : तारखा आणि उलटी मोजणी

१ नोव्हेंबर हा बालपणी गेलेल्यांचा आणि २ नोव्हेंबर हा प्रौढांचा दिवस. अनेक घरांत दिवस दुपारी बाराला बदलतो, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या दुपारी मुले येतात, १ नोव्हेंबरच्या दुपारी ती जातात आणि मोठी माणसे येतात, आणि २ नोव्हेंबरच्या दुपारी त्यांना निरोप दिला जातो. काही भागांत २८ ऑक्टोबरला अपघाताने किंवा हिंसेने मृत्यू आलेल्यांसाठी मेणबत्ती लावतात. पाळीव प्राण्यांसाठी २७ ऑक्टोबर ही प्रथा अलीकडे रूढ झाली आहे.

येथून मागे मोजा. फोटोच्या प्रती आणि कागदी पताका दहा दिवस आधी तयार असाव्यात. पायऱ्यांची चौकट ३० ऑक्टोबरपर्यंत उभी राहावी. फुले २९ किंवा ३० तारखेला आणावीत. ब्रेड ३१ तारखेला सकाळी भाजावा. शिजवलेले अन्न मात्र ज्या दिवशी ज्याचा मान त्याच दिवशी, ताजे.

सावधान : काही वर्षी दिवाळी नेमकी याच दिवसांत येते. तेव्हा झेंडू महागतो आणि सकाळी उशिरा गेल्यास चुरगळलेलाच हाती लागतो. फुलवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा, आणि फुले देठासकट हवीत हे बजावून सांगा. हारासाठी खुडलेली सुटी फुले कमानीला किंवा फुलदाणीत चालत नाहीत.

टप्पा ३ : सामान, आणि इथे मिळणारे पर्याय

मेक्सिकोत या दिवसांचे फूल म्हणजे सेम्पासूचिल. तोच आपला मोठा झेंडू. हे झाड मूळचे तिथलेच, त्यामुळे या बाबतीत पर्याय शोधावाच लागत नाही. गडद केशरी रंगाची, उग्र वासाची फुले निवडा. वास हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण येणाऱ्याला वाट दाखवण्याचे काम रंगाइतकेच वासाने होते, अशी धारणा आहे. म्हणून प्लॅस्टिकचा झेंडू कितीही हुबेहूब दिसला तरी वापरू नये. जोडीला कोंबड्याच्या तुऱ्यासारखे दिसणारे गडद किरमिजी फूल आणि बारीक पांढरी फुले घेतात.

कोपाल हा तिकडच्या झाडांचा सुगंधी राळेसारखा डिंक. तो मिळाला नाही तर सालईचा डिंक घ्या. दोन्ही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील आहेत आणि धुराचा पोतही जवळचा आहे. उदबत्ती हा पर्याय नव्हे. तिच्यातील अत्तराचा वास झेंडूचा वास मारून टाकतो.

पेताते म्हणजे पामच्या पानांची विणलेली चटई. शिंदीच्या पानांची साधी चटई तिचे काम उत्तम करते. पताकांसाठी पतंगाचा पातळ कागद घ्या. भांडी शक्यतो मातीची असावीत. कवट्यांसाठी साखरच हवी असे नाही. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या आणि गूळ-मध यांपासूनही कवट्या करतात, आणि राजगिऱ्याचा लाडू वळता येणाऱ्या कोणालाही त्या जमतात. मिश्रण कोमट असतानाच हाताला तूप लावून आकार द्यावा, गार झाले की ते तुटते.

जाड काचेच्या पेल्यातील मेणबत्त्या (त्यांना वेलादोरा म्हणतात) नावांच्या संख्येइतक्या घ्या, चार दिशांसाठी चार, आणि आणखी एक जास्त. ही जास्तीची कोणासाठी, ते पुढे येईल.

टप्पा ४ : जागा आणि पायऱ्या

दिशेचा कोणताही कडक नियम नाही. दक्षिणेकडे तोंड, पाण्याची धार, दर्भ, काकस्पर्श हे आपल्या श्राद्धविधीतील घटक आहेत. ते येथे आणू नयेत. दोन्ही परंपरांना आपापला मान आहे आणि सरमिसळ केल्याने दोन्हींचा जातो. जागा निवडताना दारापासून तिथपर्यंत सरळ वाट आखता येईल, वारा थेट लागणार नाही आणि मागे पडदा नसेल, एवढेच पाहा.

पायऱ्या दोन असल्या तर वरची आकाशाची आणि खालची पृथ्वीची. तीनचा अर्थ घरोघरी थोडा बदलतो. साधारणपणे स्वर्ग, मधला टप्पा आणि खाली मर्त्यलोक असा घेतात. सात पायऱ्यांची वेदी आत्म्याच्या सात टप्प्यांचे प्रतीक मानली जाते, पण ती घरात पेलणे कठीण असते. पहिल्यांदा मांडणाऱ्यांनी दोन किंवा तीनच पायऱ्या घ्याव्यात. सात पायऱ्यांच्या नादात प्रत्येक पायरी वीतभर होते, मग पेला ठेवला की ताटली मावत नाही आणि मेणबत्ती कागदाला चिकटते. प्रत्येक पायरीची खोली किमान ३० सेंटीमीटर असावी.

खाली टेबल, त्यावर मागच्या बाजूला चौरंग किंवा भक्कम लाकडी खोका, अशी रचना पुरते. पुठ्ठ्याचे खोके वापरू नका. पाणी सांडले की ते खचतात, आणि खचलेल्या खोक्यावर पेटलेली मेणबत्ती असते.

सर्वांवर पांढरी सुती चादर घाला. चादर जमिनीपर्यंत यावी, पण जमिनीवर पसरू नये, पायात येते.

तपासणी : रिकाम्या मांडणीला दोन्ही हातांनी धरून हलवा. ती डुलत असेल तर आत्ताच दुरुस्त करा. फुले चढल्यावर दुरुस्ती होत नाही.

टप्पा ५ : कमान आणि पताका

कमान म्हणजे येणाऱ्यासाठी दार. उसाचे दोन लांब दांडे टेबलाच्या मागच्या पायांना घट्ट बांधून वर त्यांची टोके एकत्र आणतात आणि त्यावर झेंडू बांधतात. ऊस वाकवताना मोडतो. त्यासाठी पाल्याकडचे कोवळे टोक वर ठेवा आणि एकदम न वाकवता दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने थोडे थोडे ओढून सुतळीने बांधत जा. कमान नसली तरी ओफ्रेंदा अपुरी ठरत नाही, म्हणून घाई असेल तर हा भाग सोडून द्या.

कागद कातरून केलेल्या पताकांना पापेल पिकादो म्हणतात. पुएब्ला राज्यातील सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर कागदाच्या जाड थप्पीवर नक्षी ठेवून लहान-मोठ्या छिन्न्यांनी ठोकून कापतात. घरी कात्रीने करायचे झाल्यास कागद तीनदा घडी घालून घडीच्या कडेने आकार कापा, आणि वरची दोन सेंटीमीटरची पट्टी न कापता ठेवा. ती दोरीवर दुमडून खळीने चिकटवायची असते. पट्टी ठेवायला विसरले की सगळे काम वाया जाते, आणि हे नेहमी होते. जांभळा, केशरी, गुलाबी आणि पांढरा हे रंग घ्या. हलणारा कागद वाऱ्याचे रूप मानला जातो, म्हणून पताका ताणून चिकटवू नयेत. त्या हलल्या पाहिजेत.

सावधान : हलणारा कागद आणि उघडी ज्योत यांची उभी रेषा जुळता कामा नये. पताका भिंतीलगत मागे टांगा, मेणबत्त्या पुढच्या कडेला ठेवा, आणि ज्योतीच्या वर किमान एक मीटर काहीही नको.

टप्पा ६ : पाणी, मीठ आणि हात-तोंड धुण्याची सोय

कवट्या आणि मिठाई मांडण्याआधी हा टप्पा पूर्ण करा. तो सर्वांत साधा दिसतो आणि सर्वांत जास्त वेळा राहून जातो.

स्वच्छ पाण्याचा काठोकाठ भरलेला काचेचा पेला ठेवा. प्रवास लांबचा आहे, तहान लागलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पातळी थोडी खाली गेलेली दिसते. आमच्या शेजारच्या आजी पहाटे सर्वांत आधी येऊन तो पेला डोळ्यांच्या रेषेत धरून बघत असत, मग काही न बोलता पुन्हा काठापर्यंत भरून ठेवत. पेल्याजवळ बशीत कोरडे मीठ ठेवा. ते शुद्धतेसाठी आणि देह-आत्मा खराब होऊ नये म्हणून असते. मीठ दमट होऊन पाणी सुटले तर बदला.

जमिनीवर, वेदीच्या एका बाजूला, लहान परातीत पाणी, साबण, स्वच्छ टॉवेल आणि जमल्यास छोटा आरसा व कंगवा ठेवतात. पाहुणा प्रवासाच्या धुळीने भरलेला येतो. जेवायच्या आधी त्याने ताजेतवाने व्हावे. चटई वेदीच्या पुढे अंथरा. तिच्यावर तो विसावतो, म्हणून तिच्यावर सामान रचू नका आणि फोटो काढण्यासाठी तिच्यावर उभे राहू नका.

टप्पा ७ : फोटो

माझ्या पहिल्या ओफ्रेंदात मी आजोबांचा एक सुंदर फोटो ठेवला होता, ज्यात त्यांच्या शेजारी माझी आत्या बसली होती. आत्या तेव्हा हयात होती. शेजारच्या आजी आत आल्या, त्यांनी तो फोटो हळूच उचलला, मला विचारले, “ही कोण?” आणि माझे उत्तर ऐकून तो उलटा करून माझ्या हातात दिला. हयात माणसाचा फोटो वेदीवर कधीही ठेवत नाहीत. समूहातील फोटो असेल तर त्याची प्रत काढून त्यातून एकच चेहरा घ्यावा.

प्रतच ठेवावी, हेही तितकेच महत्त्वाचे. मेणबत्तीच्या उष्णतेने जुने फोटो वाकतात आणि त्यांचा वरचा थर सुटतो. मूळ फोटो कपाटात राहू द्या.

फोटो वरच्या पायरीवर, मधोमध, किंचित मागे कललेला असावा. कॅथलिक घरांत त्याच पायरीवर ग्वादालूपेच्या मातेची (मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेची) प्रतिमा किंवा क्रूस असतो. तो ठेवायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे, पण निव्वळ देखावा म्हणून ठेवू नये. फोटोला हार घालण्याची आपली सवय येथे बाजूला ठेवा. फुले फोटोच्या भोवती आणि खाली असतात, चेहरा पूर्ण मोकळा असतो. फोटो नसेल तर नाव सुवाच्य अक्षरात लिहून ठेवा; मेक्सिकोत साखरेच्या कवटीच्या कपाळावरही नाव लिहितात.

यादीतील वस्तू आता फोटोखाली ठेवा. चष्मा, अडकित्ता, रेडिओ, विणकामाच्या सुया, जे असेल ते. वस्तू पुसून घ्या, पण घासून नवी करू नका.

टप्पा ८ : फुले आणि वाट

फुले आणल्याबरोबर देठ तिरके कापा, खालची पाने काढून टाका आणि सावलीत बादलीभर पाण्यात ठेवा. झेंडूची पाने पाण्यात बुडाली की एका रात्रीत पाण्याला दुर्गंधी येते. फुलदाण्यांतील पाणी रोज बदला.

कमान आणि फुलदाण्या झाल्यावर पाकळ्यांची वाट. हे काम शेवटी, पाहुणा येण्याच्या तासभर आधी करा, कारण सुट्या पाकळ्या लवकर मलूल होतात आणि त्यांचा वास उडतो. झेंडू डाव्या हातात उलटा धरा, खालचा हिरवा पेला उजव्या अंगठ्याने दाबून किंचित पिळा, आणि सगळ्या पाकळ्या एका मुठीत बाहेर ओढा. बोटांनी एकेक पाकळी ओढणाऱ्याला पूर्ण संध्याकाळ लागते.

वाट घराच्या उंबरठ्याबाहेरून सुरू होते. बहुतेक जण ती वेदीच्या पुढे दोन हात आखून थांबतात, आणि मग येणाऱ्याला दार कसे सापडणार? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निदान दाराच्या पायपुसण्यापासून सुरुवात करावी. वाटेची रुंदी एक-दीड वीत पुरे. मधोमध पाकळ्यांचा किंवा राखेचा क्रूस काढतात. रांगोळीचा हात असलेल्यांना कोयरी, कमळ, गोपद्म काढण्याचा मोह होईल, तो आवरा. साधी, सरळ, न तुटलेली केशरी रेघ हवी.

सावधान : फरशीवर चुरगळलेल्या पाकळ्यांवरून पाय घसरतो आणि पांढऱ्या संगमरवरावर डाग पडतो. घरात वृद्ध माणसे असतील तर वाट भिंतीच्या कडेने न्या.

टप्पा ९ : ब्रेड आणि ताट

पान दे मुएर्तो हा या दिवसांचा गोल, गोडसर ब्रेड. वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या आणि मधोमध कवटीची गोळी असते. मध्यम आकाराच्या दोन ब्रेडसाठी मैदा ५०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, मऊ लोणी १२० ग्रॅम, अंडी ३, कोमट दूध १५० मिलिलिटर लागेल तसे, कोरडे यीस्ट १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि दोन संत्र्यांची किसलेली साल घ्या. लोणी सोडून सर्व मळा, पीठ एकजीव झाल्यावर लोणी थोडे थोडे घालून पंधरा मिनिटे चांगले मळा. आधी ते हाताला चिकटते. तेव्हा जास्त मैदा घालण्याची चूक करू नका, मळत राहिले की सुटते.

पीठ फुगून दुप्पट झाले की त्यातील पाचवा भाग बाजूला काढा, त्यात दोन चमचे मैदा मळून फ्रिजमध्ये ठेवा. हाडे या पिठाची करायची. सर्वांची हाडे ओव्हनमध्ये विरघळल्यासारखी सपाट होतात त्याचे कारण हेच, की ती मऊ पिठाची केलेली असतात. उरलेल्या पिठाचे दोन गोळे करून पाऊण तास पुन्हा फुगू द्या. हाडांसाठी पिठाची वळी करा, बोटे फाकवून तिच्यावर ठेवा आणि हलका दाब देत पुढे-मागे फिरवा. बोटांखाली खळगे आणि मध्ये गाठी तयार होतात. अशा दोन वळ्या फुगलेल्या गोळ्यावर फुलीसारख्या ठेवा, मध्ये गोळी बसवा, आणि चिकटण्यासाठी फेटलेले अंडे लावा. १८० अंश सेल्सियसवर २५ ते ३० मिनिटे भाजा. कोमट असताना वितळलेले लोणी लावून वर साखर भुरभुरा. गरम असताना साखर घातली तर ती विरघळते.

मग ताट. मध्य मेक्सिकोत मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा), तामालेस (पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे), गुळाच्या पाकात शिजवलेला भोपळा, चॉकलेट, संत्री, पेरू, ऊस, शेंगदाणे असतात आणि मोठ्यांसाठी तेकिला, मेस्काल किंवा पुल्के ही तिथली मद्ये. पण हे पदार्थ तिथल्या माणसांच्या आवडीचे म्हणून ठेवलेले असतात. मराठी घरातील आजीसाठी मांडताना तिला कधीही न चाखलेला मोले वाढण्यात अर्थ नाही. तिला पिठलं-भाकरी आणि लसणाची चटणी आवडत असेल, तर तीच वाढा. ती भाकरी ब्रेडशेजारी मुळीच परकी दिसत नाही. ओफ्रेंदाचा नियम तंतोतंत पाळला गेला, तो असा.

पाहुण्याच्या आधी घरच्यांनी या ताटातले खाऊ नये. स्वयंपाक करताना चव पाहायची असेल तर वेगळ्या भांड्यात काढून पाहा.

सावधान : मुंबईसारख्या दमट हवेत मांसाहारी किंवा दुधाचा पदार्थ रात्रभर उघडा राहिला तर तो खाण्याजोगा राहत नाही. वेदीवर लहान वाटी ठेवा, बाकीचा फ्रिजमध्ये. मुंग्यांसाठी आपली जुनी युक्ती उपयोगी पडते : ताटलीत पाणी घालून मध्ये वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर गोडाचे ताट.

टप्पा १० : उजेड आणि धूप

सर्व मांडून झाल्यावर, झाडू-पोछा आटोपल्यावर, अगदी शेवटी मेणबत्त्या लावा. चार मेणबत्त्या क्रूसाच्या आकारात चार दिशांसाठी ठेवतात, म्हणजे येणाऱ्याला आपली दिशा कळावी. बाकी प्रत्येक नावामागे एक. मेणबत्ती लावताना त्या माणसाचे नाव मोठ्याने घ्या. शेवटची, ती जास्तीची, ज्याची आठवण काढणारे कोणीही उरलेले नाही अशा आत्म्यासाठी असते. ही मेणबत्ती विसरू नका. मला सगळ्या ओफ्रेंदात तीच सर्वांत जवळची वाटते.

प्रत्येक काचेचा पेला वाळू घातलेल्या बशीत ठेवा. विजेरीवरच्या मेणबत्त्या केवळ त्या शाळांत वापराव्यात जिथे ज्योतीला परवानगीच नाही.

धुपासाठी मातीच्या धुपाटण्यात तळाला वाळू घाला. निखारा वरून पूर्ण राखाडी होईपर्यंत थांबा. झटपट पेटणाऱ्या कोळशाच्या वड्यांना सुरुवातीला दारूगोळ्यासारखा वास येतो आणि तो कोपालमध्ये उतरतो. डिंकाचा खडा वाटाण्याएवढा टाका. मूठभर टाकला तर काळा धूर होतो आणि घरातील दम्याच्या माणसाला त्रास होतो. धुपाटणे आधी दारापाशी न्या, मग वाटेवरून हळूहळू वेदीपर्यंत या. खिडकी एक फट उघडी असावी.

तपासणी : दारात उभे राहून खालून वर नजर टाका. वाट, उजेड, पाणी, टॉवेल, चटई, ताट आणि चेहरा, या क्रमाने सगळे दिसते का?

टप्पा ११ : जागरण, निरोप आणि आवराआवर

रात्री कोणीतरी जागे असावे. गप्पा मारा, त्या माणसाच्या आठवणी सांगा, हसा, त्यांच्या आवडीचे गाणे लावा. तोंड पाडून बसण्याची ही वेळ नव्हे. भुतांचे मुखवटे, कोळ्याची जाळी, चेटकिणी हे हॅलोविनचे सामान आहे, ते येथे नको. जागरण शक्य नसेल तर झोपण्यापूर्वी ज्योती विझवा आणि पहाटे पुन्हा लावा. पेटत्या वेदीपाशी घर झोपी जाऊ देऊ नये.

२ नोव्हेंबरला दुपारनंतर निरोप. कुटुंब कबरस्तानात जाणार असेल तर फुले आणि मेणबत्त्या सोबत नेतात. मिचोआकानमधील पात्स्क्वारो सरोवराच्या परिसरात लोक १ तारखेची रात्र कबरींपाशी जागून काढतात. घरी परतल्यावर ब्रेड, फळे आणि मिठाई शेजाऱ्यांत वाटतात. पुएब्लात असे म्हणतात की या अन्नाचा वास आणि चव पाहुणा घेऊन गेलेला असतो. उरते ते आपल्यासाठी. वाटल्याशिवाय ओफ्रेंदा संपत नाही, म्हणून डबे आधीच मोजून ठेवा.

आवरताना वरून खाली या : आधी फोटो, मग वस्तू, मग अन्न, शेवटी फुले. पेल्यातील पाणी झाडाला घाला, मीठ मात्र झाडाला घालू नका. पताका दोरीसकट वर्तमानपत्रात सपाट ठेवल्या तर दोन-तीन वर्षे टिकतात. नावांचा कागद त्यांच्यातच ठेवा. देठावरची काही फुले उलटी टांगून पूर्ण वाळवा. आतले काळे बी कागदी पाकिटात भरून जुलैत पेरले, तर ऑक्टोबरच्या अखेरीस झेंडू दारातच मिळतो.